हिशेब मागणारा वजीर : महमूद गवान

बीदर हे नाव मराठी घरांत पोहोचले ते दामाजीपंतांच्या कथेमुळे. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, बादशहाचा कोप ओढवला, आणि विठू महाराच्या रूपाने आलेल्या विठ्ठलाने बीदरच्या दरबारात धान्याचे मोल भरून पावती घेतली, असे परंपरा सांगते. कथा श्रद्धेची आहे. पण तिच्यातही भक्ताचे प्राण वाचतात ते हिशेब चुकता झाल्यामुळे. याच बीदरमध्ये बहमनी राज्याच्या एका वजिराने सरकारी हिशेबाला शिस्त लावली आणि त्याचा घात मात्र एका कागदानेच केला. तो वजीर म्हणजे ख्वाजा महमूद गवान. गोमंतकात त्याची ओळख १४७२ साली गोवा जिंकणारा सेनानी एवढीच उरली आहे. त्याचे खरे कार्य मात्र रणांगणाबाहेरचे होते.

महमूदचा जन्म १४११च्या सुमारास इराणच्या गिलान प्रांतात झाला. घराणे वजिरांचे होते. पण तेथील दरबारी वैरामुळे त्याला मायभूमी सोडावी लागली. व्यापार करीत तो १४५३मध्ये कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला गेला. त्या वेळी त्याने चाळिशी ओलांडली होती. सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहाने त्याला चाकरीत घेतले. पुढे हुमायूनशहाच्या काळात त्याला व्यापाऱ्यांचा प्रमुख या अर्थाचा मलिक-उत्-तुज्जार हा किताब मिळाला. १४६१मध्ये हुमायून मरण पावला, तेव्हा वारस आठ वर्षांचा होता. राजमातेच्या देखरेखीखाली कारभार पाहणाऱ्या मंडळात गवान होता. १४६६पासून, महमदशहा तिसरा याच्या राज्यात, तो मुख्य वजीर झाला.

कोकणातील सरदारांवर त्याने केलेली मोहीम व्यापाऱ्याच्या नजरेतून आखलेली होती. किनाऱ्यावरील गलबतांना होणारा उपद्रव थांबवणे आणि घोड्यांच्या आयातीची बंदरे ताब्यात आणणे हे तिचे हेतू होते. संगमेश्वर, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि अखेरीस विजयनगरकडे असलेले गोवा बंदर त्याने घेतले. गोव्यावर त्याने समुद्र आणि जमीन अशा दोन्ही बाजूंनी चाल केली होती. या विजयाने बीदर दरबारात त्याचा मोठा सन्मान झाला. त्याच वर्षी बीदरमध्ये त्याचा प्रसिद्ध मदरसा पूर्ण झाला. तेथील ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो.

राज्य वाढले, तशी त्याची जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली. बहमनी राज्यात चार तरफा म्हणजे प्रांत होते. तरफदार आपल्या प्रांताचा वसूल गोळा करी, फौज बाळगी, किल्ल्यांवर आपली माणसे नेमी. सरकारात किती भरणा करायचा आणि स्वतःकडे किती ठेवायचे, हे बव्हंशी त्याच्याच मर्जीवर राही. किती सैनिकांचा पैसा उचलला आणि प्रत्यक्षात किती पोसले, हे तपासणारे कोणी नव्हते. त्या काळी बीदरला आलेला रशियन प्रवासी निकितीन याने अमीरांचा थाट आणि रयतेची दैना यांतील अंतर नोंदवून ठेवले आहे.

गवानने चार तरफांच्या आठ केल्या. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि विजापूर वेगळे झाले. दौलताबादेतून जुन्नर निघाले. वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग पडले. तेलंगणातून वरंगळ आणि राजमहेंद्री हे प्रांत झाले. गोवा आणि बेळगाव जुन्नरच्या तरफेला जोडले गेले. प्रत्येक तरफेतील काही परगणे खालसा करून त्यांचा वसूल थेट सरकारी खजिन्यात येईल, अशी तजवीज केली. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला. बाकी किल्लेदार राजधानीतून नेमले जाऊ लागले. पाचशे सैनिकांसाठी सालिना एक लाख होन अशी रक्कम ठरली आणि पुढे ती सव्वा लाख झाली. सैनिक कमी भरले, तर तेवढा पैसा परत करावा लागे. जमिनीची मोजणी करून गावांच्या सीमा ठरवण्याचे आणि त्यावरून सारा आकारण्याचे कामही त्याने हाती घेतले.

या उपायांमागचे सूत्र सोपे होते. सरकारचा पैसा ज्याच्या हाती, त्याने त्याचा हिशेब द्यावा आणि तो दुसऱ्याने तपासावा. पण ज्यांचे प्रांत अर्धे झाले आणि उत्पन्न उघडे पडले, त्यांना ते रुचले नाही. त्यात दख्खनी आणि परदेशी अमीरांतील जुने वैर होतेच. गवान परदेशी असला, तरी त्याने नेमणुका करताना दोन्ही गटांचा तोल सांभाळला होता. त्याचा उपयोग झाला नाही. तेलंगणाचा तरफदार मलिक हसन निजाम-उल्-मुल्क हा त्याच्या विरोधकांचा म्होरक्या होता.

गवानचा शिक्का त्याच्या एका हबशी सेवकाकडे असे. कटवाल्यांनी त्याच्याशी मैत्री केली, त्याला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहून तो सुलतानापुढे ठेवण्यात आला. सुलतान तेव्हा कोंडापल्लीच्या छावणीत होता. गुजरातेत निघून जाण्याचा हितचिंतकांचा सल्ला न मानता गवान बोलावणे येताच हजर झाला. शिक्का आपला आहे, मजकूर आपला नाही, एवढेच त्याने सांगितले. मद्याच्या अमलात असलेल्या सुलतानाने ना लेखनिक शोधला, ना शिक्का सांभाळणाऱ्याला विचारले. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या घरातील त्या वजिराचा शिरच्छेद झाला.

नंतर त्याच्या संपत्तीची झडती झाली. मोठे घबाड हाती येईल, ही सुलतानाची अपेक्षा फोल ठरली. फरिश्त्याच्या मते, गवान स्वतःचा खर्च गिलानहून आणलेल्या सुमारे ४०,००० लारींच्या भांडवलावरील व्यापारातून चालवी आणि चटईवर निजे. जहागिरीचे उत्पन्न फौजेवर आणि उरलेले सुलतानाच्या नावाने दानधर्मावर खर्ची पडे. सरकारचा खजिना वेगळा, गोरगरिबांचा वेगळा. वजिराने व्यापार करावा का, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो रास्तच आहे. पण दोन थैल्या त्याने एक होऊ दिल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

सत्य कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षाच्या आत तोही मरण पावला. पुढे तरफदार स्वतंत्र होत गेले आणि बहमनी राज्याची पाच शकले झाली. त्यांपैकी विजापूरच्या आदिलशाहीकडे गोवा गेला आणि १५१०मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मदरशाचा दर्शनी भाग आणि एक मिनार कोसळला; उरलेला मिनार रंगीत फरशांचे अवशेष अंगावर घेऊन बीदरमध्ये उभा आहे. गवानच्या व्यवस्थेचेही तसेच झाले. तरफदार, किल्लेदार, मनसबदार या सर्वांवर त्याने तपासणी बसवली. पण त्याचा स्वतःचा शिक्का एकाच माणसाच्या हाती राहिला, आणि सुलतानाच्या निकालावर तर कोणाचाच अंकुश नव्हता. आजही बीदर-कलबुर्गीच्या सीमेवरील गावातला रस्ता असो वा गोव्यातल्या पंचायतीचा बांध, ठेक्याच्या कामाचे मोजमाप, हजेरीपट आणि देयकावरची सही यांवरच सार्वजनिक पैशाचे भवितव्य ठरते. सही खरी असणे पुरेसे नाही. तिच्या वरचा मजकूर कोणी लिहिला, हे विचारणारा माणसूही तेथे असावा लागतो. कोंडापल्लीच्या छावणीत त्या दिवशी तेवढाच नव्हता.