गणिती दामोदर कोसंबी

गणिताचा पुढे उपयोग काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात दहावीनंतर अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात मिळते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सर्वोच्च सन्मानाने मिळवून मायदेशी परतले. प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी गणित शिकविले. पुढे १९३१ साली आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञांच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. १९३३ पासून बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते.

येथेच त्यांनी जीवशास्त्रातील एक कोडे सोडविले. सजीवांचे गुण ठरविणारी जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून नव्या जुळण्या होतात आणि उत्क्रांतीला वाव मिळतो. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर काढता येते. परंतु मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली, तर ताटातूट दिसतच नाही व अंतर कमी भरते. इंग्लंडचे शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९ साली यासाठी सूत्र दिले होते. मात्र एका ठिकाणची अदलाबदल जवळच्या दुसरीला अडथळा करते, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. कोसंबींनी ती हिशेबात घेऊन १९४४ साली नवे सूत्र मांडले. लेख अवघ्या चार पानांचा! ज्वारी, कापूस यांसारख्या पिकांच्या जनुकांचे नकाशे काढताना शास्त्रज्ञ आजही त्यांचे सूत्र वापरतात.

१९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. हजारो प्राचीन नाणी त्यांनी स्वतः तोलली. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून वजनांच्या सरासरीवरून आणि त्यांतील फरकावरून नाण्यांचा काळाचा क्रम लावता येतो, हे त्यांनी दाखविले. भारतीय इतिहासावरील त्यांचा १९५६ सालचा ग्रंथ विद्वानांत गाजला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, कोसंबींनी एक विषय मुळापासून शिकला, म्हणून शेतापासून इतिहासापर्यंत अनेक दारे त्यांना उघडली. पालकांनाही एक विनंती. ऊसतोडीच्या हंगामात शाळा बुडाली की गणिताचा धागा आधी तुटतो, आणि मागचे आले नाही की पुढचे कळत नाही. मुलगा असो वा मुलगी, तो धागा तुटू देऊ नका. मूल घरी आजी-आजोबांजवळ ठेवावे लागले तरी शाळा चालू ठेवा.