वसईचा व्यापारी : संत गोन्सालो गार्सिया



फेब्रुवारी उजाडला की आपल्या भागात कुणालाच सवड नसते. ऊसतोड चालू असते, ज्वारी-हरभऱ्याची काढणी तोंडावर येते, मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. रविवारी शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज वेदीपर्यंत पोहोचतो. आम्ही दोष देत नाही. एका गावची मिस्सा आटोपून दुसऱ्या गावी धावताना आमचीही प्रार्थना कितीदा तोंडातल्या तोंडात उरकली जाते, ते देवाला ठाऊक! म्हणून याच महिन्यात ज्यांचा सण येतो, त्या आपल्या महाराष्ट्राच्या संताकडे आज पाहू या.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईला झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिक्षण झाले आणि मिसरूड फुटायच्या वयात गोन्सालो त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षणाचे काम करीत राहिले. जपानी भाषा उत्तम शिकले. येशूसंघात प्रवेश मिळावा, एवढीच इच्छा होती. तो मिळाला नाही.

मग ते व्यापारात शिरले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. व्यापार वाढत गेला. दुखावलेला माणूस पुष्कळदा स्वतःला कामात बुडवून घेतो, आणि यश आले की थांबणे आणखी अवघड होते. नुकसान झाल्यावर कुणीही थांबतो. गोन्सालो थांबले ते धंदा चांगला चालत असताना. सगळे सोडून ते फिलिपाईन्समधील मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. धर्मगुरू नव्हे, साधे धर्मबंधू.

येथे थोडे थांबावेसे वाटते. संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नियमात अशा धर्मबंधूंसाठी दिवसाची प्रार्थना ठरवून दिली आहे. रात्रीच्या प्रार्थनेला 'आमच्या बापा' २४ वेळा, पहाटे ५ वेळा, दिवसातील चार प्रहरांना प्रत्येकी ७ वेळा, संध्याकाळी १२ आणि झोपण्यापूर्वी ७. बेरीज ७६ होते. पैसे हातात घेण्यासही त्याच नियमाने मनाई आहे. कालपर्यंत नाणी मोजणारा माणूस आता दिवसातून आठ वेळा हातातले काम खाली ठेवून प्रार्थना मोजू लागला. सेमिनरीत 'काळ म्हणजे काय' यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती, गुणही बरे मिळाले होते. पण काळ देवाच्या हाती कसा द्यावा, हे त्या पानांत नव्हते.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर गोन्सालो पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीसमोर त्यांनी फादरांचे म्हणणे जपानीत मांडले. दुभाष्याला आधी ऐकावे लागते, घाई करून चालत नाही. पुढे क्योतो शहरात या मंडळींनी चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे केले.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली. सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तिघे आणि जपानी प्रापंचिक मिळून २६ जणांना मृत्युदंड झाला. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, लोकांना दहशत बसावी म्हणून ऐन हिवाळ्यात गावोगाव मिरवत नागासाकीला नेण्यात आले. बहुतेक वाट पायी होती. सुमारे महिनाभर ती चालली. ज्या देशात कधीकाळी व्यापाराची लगबग केली, त्याच देशातून गोन्सालो आता पावलापावलाने क्रुसाकडे चालले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सर्वांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकले. गोन्सालो चाळिशीचे होते, म्हणजे आमच्याच वयाचे.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित आणि १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईच्या किल्ल्यात त्यांची यात्रा भरते. आपल्याकडून तेवढ्या दूर सर्वांनाच जाणे जमणार नाही.

तेव्हा ५ फेब्रुवारीला संध्याकाळच्या मिस्सेनंतर आपले चर्च तासभर उघडे राहील. प्रवचन नाही, गायन नाही. पवित्र साक्रामेंतासमोर नुसते बसायचे. शेतातून थेट आलात तरी चालेल. आम्ही आमचा मोबाईल घरी ठेवून येणार आहोत.