रखमाबाईंचा खटला आणि अज्ञान मुलांचे हित

मानपाड्यातील कोणत्याही दुकानदारास विचारावे की, अकरा वर्षांच्या पोराने कर्जरोख्यावर सही केली, तर पुढे त्याच्याकडून पैसा वसूल होईल काय? तो हसून नाही म्हणेल. अज्ञानाचा करार टिकत नाही, हे तत्त्व १८७२ सालच्या कराराच्या कायद्यापासून प्रत्येक पेढीवर परिचयाचे आहे. परंतु १८७५ साली सज्ञानतेचे वय ठरविणारा कायदा झाला, तेव्हा विवाह, मेहेर, घटस्फोट व दत्तक हे विषय त्यातून मुद्दाम वगळण्यात आले. शंभर रुपयांचा व्यवहार करण्याइतकी अक्कल ज्या वयात नाही असे कायदा मानी, त्याच वयात सबंध जन्म बांधून टाकण्यास त्याची हरकत नव्हती. ह्या विसंगतीविरुद्ध जी एक मराठी बाई भर न्यायालयात उभी राहिली, तिचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस २२ नोव्हेंबर १८६४ रोजी सुतार ज्ञातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. ज्ञातीत पुनर्विवाहाची मोकळीक असल्यामुळे आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्राचे जाणते असून १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते. अशा घरात वाढलेल्या मुलीचेही लग्न अकराव्या वर्षीच झाले, ही त्या काळाची रूढी. वर दादाजी भिकाजी. मात्र मुलगी सासरी नांदावयास गेली नाही. सावत्र वडिलांच्या घरी राहून पुस्तके वाचीत वयात आली.

दादाजींनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला, की बायको आपल्या ताब्यात मिळावी. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो काढून टाकला. जेथे संसार मुळी सुरूच झाला नाही, तेथे तो पुनः सुरू करण्याचा हुकूम कसा द्यावा, आणि हिंदू धर्मशास्त्रात असल्या दाव्यास आधार कोठे आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. अपिलात हा निकाल फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंस पतीकडे जाण्याचा हुकूम केला. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे स्पष्ट कळविले.

येथे राष्ट्राभिमानी वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा दावा मनुयाज्ञवल्क्यांच्या घरचा नव्हे; तो इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांतून आमच्याकडे आला. खुद्द इंग्लंडात १८८४ सालच्या कायद्याने अशा हुकुमाखालील कैद रद्द झाली होती. म्हणजे इंग्रजांनी टाकून दिलेली बेडी हिंदुस्थानातील स्त्रीच्या पायी घातली जात होती, आणि स्वधर्मरक्षणाच्या नावाखाली आमचेच लोक तिचा जयजयकार करीत होते. केसरीने ह्या वादात रखमाबाईंविरुद्ध बाजू घेतली. लोकमान्यांविषयी आमची भक्ती कोणाहून कमी नाही; तथापि या एका प्रश्नी त्यांचा पक्ष चुकला, असे आम्ही निःसंकोच लिहितो. परक्याच्या सत्तेस विरोध करणाऱ्याने घरातील सक्तीस धर्म म्हणू नये.

अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. पुढील वर्षी रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, आणि १८९५ साली परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. सुरत व नंतर राजकोट येथे मिळून त्यांनी तीन तपांच्या आसपास रुग्णसेवा केली. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा १८९१ सालचा कायदा त्यांच्या खटल्याने उठविलेल्या वादळातूनच पुढे आला. दादाजी १९०४ साली वारले, तेव्हा ज्यांच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत, त्यांच्यासाठी त्यांनी विधवेचा पांढरा वेष घेतला. ह्या कृतीचा अर्थ ज्याने त्याने लावावा. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या.

त्याच वर्षी, १८ मे रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. मुंबई प्रांतात १९४७ सालीच घटस्फोटाचा कायदा झाला होता. आता सर्व देशातील हिंदूंस तो मार्ग खुला झाला. पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीने अठरा पुरी होण्यापूर्वी तो विवाह नाकारल्यास तिला घटस्फोट मागता यावा, ही तरतूद १९७६ साली आली. रखमाबाईंनी जे मागितले ते त्यांच्या दाव्यानंतर ९२ वर्षांनी कायद्यात उतरले! परंतु ज्या दाव्याने त्यांस छळले, तो त्याच कायद्याच्या नवव्या कलमात अद्यापि आहे. कैदेची शिक्षा १९२३ साली गेली, जप्ती उरली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हे कलम वैध ठरविले. इंग्लंडाने मात्र १९७० साली तो दावाच मोडीत काढला.

वकिलीच्या धंद्यात आम्ही पाहतो, की पत्नीने पोटगी मागितली की तिला उत्तर म्हणून पती नांदावयास येण्याचा दावा लावतो. नांदविण्याची इच्छा त्यात क्वचितच असते. आणि ह्या ओढाताणीत मूल हे तारण होऊन बसते. भेट हवी तर पोटगी सोड, पोटगी हवी तर मूल दाखव, असा सौदा चालतो. १९५६ सालच्या पालकत्वाच्या कायद्यात अज्ञानाचे हित हेच सर्वोपरी मानले आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असेही तो सांगतो. भेट हा मुलाचा हक्क, पोटगी हेही मुलाचे देणे. यांपैकी एकाची दुसऱ्याशी वजावट करण्याचा अधिकार आईसही नाही, बापासही नाही.

रखमाबाईही अकराव्या वर्षी अज्ञान मूलच होत्या, आणि त्यांच्या ताब्याचा वाद इतरांनी चालविला. काडीमोड आमच्या अनेक ज्ञातींस पूर्वापार ठाऊक आहे. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. संसार मोडला तर दोघांनी मोकळे व्हावे. मुलाचा हिशेब मात्र चोख ठेवावा. आमच्या व्यापारी बंधूंस याहून अधिक काय सांगावे?