डॉ. दत्ता सामंत : कामगारपुढाऱ्याचे चरित्र आणि हिंसेचा प्रश्न

मराठीतील चरित्रवाङ्मयात समाजसुधारक, राजकीय पुढारी, नट, गायक आणि संत यांना जितके स्थान मिळाले, तितके कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना मिळालेले नाही. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून गिरणी आणि गिरणीकामगार मराठी साहित्यात आले. नारायण सुर्वे यांच्या कवितेने त्यांना काव्याच्या केंद्रस्थानी आणले. परंतु संघटनेचा पुढारी ही व्यक्तिरेखा बहुधा पार्श्वभूमीलाच राहिली. ती आली तेव्हा एक तर उद्धारक म्हणून आली किंवा खलनायक म्हणून. डॉ. दत्ता सामंत यांचे आयुष्य या दोन्ही साच्यांत बसत नाही. त्यांच्यावर हिंसेचा आरोप आयुष्यभर होत राहिला आणि त्यांचा अंत हिंसेनेच झाला. या दोन गोष्टींपैकी एकच सांगणारे चरित्र अपुरे ठरते, अशी प्रस्तुत लेखामागील धारणा आहे.

नवी मुंबईतील महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना या विषयाची निकड वेगळी सांगावी लागू नये. ठाणे-बेलापूर मार्गावर एकेकाळी रसायनांचे, यंत्रांचे आणि धातूचे कारखाने एकाला एक लागून होते. आज त्यांतील अनेक जागी काचेच्या इमारती आहेत. आपल्या वर्गात बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील किंवा आजोबा त्या कारखान्यांत होते, आणि घरात सामंतांचे नाव निघाले की त्यांनी मिळवून दिलेली पगारवाढ आणि पुढे गेलेली नोकरी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. हा अनुभव अध्यापकांना नवा नाही.

सामंतांचा जन्म 1932 सालचा. मालवण तालुक्यातील देवबाग हे त्यांचे गाव. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्या मधली ती चिंचोळी पट्टी. मुंबईत येऊन त्यांनी सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय येथे एम.बी.बी.एस.चे शिक्षण घेतले व घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. त्या भागात तेव्हा दगडखाणी होत्या. खाणीत काम करणारी माणसे दवाखान्यात येत ती खोकला, जखमा आणि मोडलेली हाडे घेऊन. औषधाने बरे होणारे दुखणे कामावर परतल्यावर पुन्हा उद्भवते, ही गोष्ट कोणत्याही विचारवंताच्या ग्रंथातून नव्हे तर रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात आली. खाणकामगारांची संघटना त्यांनी बांधली ती या वाटेने. सामंतांच्या पुढील सगळ्या वर्तनाचे मूळ या दवाखान्यात शोधता येते, असे मला वाटते. डॉक्टरला रोग्याची जमाखर्चाची वही पाहायची नसते. पुढे कारखान्यांच्या मालकांशी बोलतानाही उद्योगाचा ताळेबंद, उत्पादकतेचे कोष्टक, बाजारातील मंदी यांचा विचार त्यांनी क्वचितच केला. कामगाराला किती हवे, एवढाच त्यांचा प्रश्न असे. हे त्यांचे बळ होते, आणि 1982 नंतर तीच त्यांची मर्यादा ठरली.

प्रारंभी ते काँग्रेसमध्ये होते आणि 1972 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील संघर्षाला हिंसक वळण लागले, त्यात प्राणहानी झाली आणि सामंतांना अटक झाली. येथून त्यांच्या नावाला दहशतीची जोड लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही. आणीबाणीत, म्हणजे 1975 मध्ये, सत्ताधारी पक्षाचे असूनही त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तुरुंगवासाने त्यांची लोकप्रियता वाढली. सुटकेनंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पूर्व उपनगरांतील, ठाण्यातील आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अभियांत्रिकी व रासायनिक कारखान्यांत त्यांच्या संघटना झपाट्याने पसरल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्समधील वेतनवाढीने त्यांचे नाव घरोघर पोहोचले.

या प्रसारात हिंसा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या फाटकावर जुन्या संघटनेचे आणि सामंतांचे समर्थक एकमेकांवर धावून गेले, संपात कामावर जाणाऱ्यांना मारहाण झाली, मालकांनी भाड्याने आणलेली माणसे आणि पोलिसांच्या लाठ्या याही त्यात होत्या. मात्र वृत्तपत्रीय भाषेची एक खोड येथे नोंदवली पाहिजे. संपकऱ्याने उगारलेल्या हातासाठी ती 'दहशत' हा शब्द वापरते. कामावरून काढून टाकण्याची धमकी, खोलीचे भाडे थकलेल्या बदली कामगाराला घातलेली भीती, पुढाऱ्याच्या घराभोवतीची पाळत यांसाठी तिच्याकडे 'शिस्त' आणि 'बंदोबस्त' हे शब्द तयार असतात. या काळाच्या वृत्तपत्रांवर विसंबून चरित्र लिहिणाऱ्याने हा शब्दव्यवहार आधी ओळखावा लागतो.

सामंत हे मुंबईतील कामगार चळवळीत हिंसा आणणारे पहिले नव्हते, तिचे बळी ठरलेलेही पहिले नव्हते. डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. कम्युनिस्ट पक्षाचे लालबाग-परळचे आमदार आणि गिरणगावातील लढाऊ कार्यकर्ते कृष्णा देसाई यांची 5 जून 1970 रोजी लालबागेत हत्या झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. 1,679 मतांनी त्यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याच्या गिरणगावातील ओहोटीची खूण म्हणून इतिहासकार या निवडणुकीकडे पाहतात. पुढाऱ्याचा खून झाल्यावर त्याची जागा त्याच विचाराचा दुसरा पुढारी घेतोच असे नाही. कित्येकदा ती जागाच नाहीशी होते. 1981 मध्ये गिरणीकामगार आपल्या जुन्या संघटनांकडे न जाता घाटकोपरच्या एका डॉक्टरकडे का गेले, याच्या उत्तराचा काही भाग 1970 च्या त्या घटनेत आहे.

ते गेले ते बोनसच्या प्रश्नावरून. 1981 च्या दिवाळीच्या सुमारास राष्ट्रीय मिल मजदूर संघाने मान्य केलेल्या रकमेवर काही गिरण्यांतील कामगार नाराज झाले आणि त्यांनी सामंतांना नेतृत्वाची गळ घातली. सामंतांना वस्त्रोद्योगाचा अनुभव नव्हता, आणि प्रारंभी ते या प्रकरणात पडण्यास उत्सुक नव्हते असे अभ्यासक नोंदवतात. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा दिला होता आणि तो मजदूर संघाकडे होता. या दर्जामुळे सामंतांबरोबर बोलणी करणे मालकांवर बंधनकारक नव्हते आणि त्यांनी पुकारलेला संप बेकायदा ठरणार होता. मागणी पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द व्हावा अशीही झाली, ती त्यामुळे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले.

या संपाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅन वेर्श यांच्या ग्रंथात आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासात तो विपुल आहे. चरित्राच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे कोकण, सातारा, कोल्हापूरकडे परतलेल्या कामगारांनी संप गावात नेला. शेतावर मजुरी करत, धान्य गोळा करत त्यांनी महिने काढले. सामंत गावोगाव सभा घेत फिरले. दुसरी गोष्ट अशी की राज्यसंस्थेच्या दृष्टीने हा संप वेतनाचा राहिला नाही. सामंत जिंकले तर बंदरात, गोदीत, सरकारी उद्योगांत तोच प्रयोग होईल, ही भीती दिल्लीपर्यंत होती. 18 ऑगस्ट 1982 रोजी मुंबई पोलिसांतील असंतोषाचा भडका उडाला, तेव्हा गिरणीकामगारही रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि लष्कराला पाचारण करण्यात आले. त्यानंतर तडजोडीची शक्यता जवळजवळ संपली.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. हजारो कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. सामंतांनी माघार का घेतली नाही, यावर त्यांच्या चाहत्यांचे आणि टीकाकारांचे अजून एकमत नाही. हाती काही न लागता संप मिटवल्यास कामगारांना कामावरही घेतले जाणार नाही, हे त्यांचे गणित चुकीचे नव्हते. परंतु संप चालू ठेवल्यानेही ते टळले नाही. माझ्या मते येथे त्यांच्यातील डॉक्टराचा पराभव झाला. केव्हा थांबावे हे डॉक्टरला कळावे लागते. पण हेही खरे की थांबण्याचा निर्णय त्यांच्या एकट्याच्या हाती राहिला नव्हता. गिरणगावातील सभांत कामगारच संप चालू ठेवण्याचा कौल देत होते.

कामगारांनी त्यांना दोषी धरले नाही, याचा पुरावा 1984 च्या लोकसभा निवडणुकीत मिळतो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना सामंत मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघातून निवडून आले. पुढच्या, 1989 च्या निवडणुकीत तो मतदारसंघ शिवसेनेने जिंकला, आणि विजयी उमेदवार होते वामनराव महाडिक. एकोणीस वर्षांपूर्वीचेच नाव गिरणगावात पुन्हा आले. कामगार आघाडी या नावाने सामंतांनी राजकीय पक्ष उभारला होता, पण त्याला पसरता आले नाही.

नव्वदच्या दशकातील सामंतांकडे चरित्रकारांचे लक्ष कमी जाते. तोवर गिरण्यांचे यंत्र जुने आणि जमीन सोन्याची झाली होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग विकण्याचा मार्ग खुला केला आणि या व्यवहारांभोवती गुन्हेगारी टोळ्या जमू लागल्या. खटाव मिलचे सुनीत खटाव यांची मे 1994 मध्ये महालक्ष्मीजवळ गोळ्या घालून हत्या झाली. फाटकावरील हाणामारीची जागा पिस्तुलाने घेतली होती. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातील गिरणीकामगाराच्या घरात एक मुलगा टोळीकडे वळतो, ते याच काळाचे चित्र आहे. सामंत त्या वेळी साठी ओलांडलेले होते. गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न, बंद कारखान्यांतील कामगारांची देणी, प्रीमियरमधील वाद अशी कामे त्यांच्याकडे चालूच होती, आणि पंतनगरच्या कचेरीत कामगार रोज येत होते.

16 जानेवारी 1997 रोजी सकाळी पवईच्या घरातून ते गाडीने पंतनगरकडे निघाले. घरापासून थोड्याच अंतरावर एका सायकलस्वाराने गाडीला अडथळा केला, गाडीचा वेग मंदावला आणि हल्लेखोरांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. 17 गोळ्या लागल्याचे नमूद आहे. ऐतिहासिक संपाला पंधरा वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून, सामंत संपले असे दहा वर्षे लिहिणाऱ्यांनाही आपले लेखन तपासावे लागले असेल.

भारतातील अशा हत्यांत शंकर गुहा नियोगी यांच्या हत्येशी याची तुलना होऊ शकते. छत्तीसगढच्या खाणकामगारांचे हे पुढारी 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत असताना गोळीला बळी पडले. कनिष्ठ न्यायालयाने 1997 मध्ये काही उद्योजकांसह आरोपींना दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने पुढील वर्षी सर्वांना सोडले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याची शिक्षा कायम केली. सामंत खटल्याची वाटही फार निराळी नाही. 2000 मध्ये तिघांना शिक्षा झाली. हत्येचा कट रचल्याचा आरोप ज्याच्यावर होता, त्या छोटा राजन या टोळीप्रमुखाला 2015 मध्ये इंडोनेशियातून भारतात आणल्यानंतर त्याच्यावर स्वतंत्र खटला चालला आणि जुलै 2023 मध्ये विशेष न्यायालयाने त्याची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली.

चरित्रकाराची अडचण नेमकी येथे आहे. गोळी कोणी झाडली याचे उत्तर न्यायालयाच्या कागदांत सापडते. ती कोणासाठी झाडली गेली याचे सापडत नाही. हे उरलेले उत्तर भरून काढण्याचा मोह सामंतांवरील लेखनात सर्वत्र आढळतो. कोणी गिरणीमालकांकडे बोट दाखवतो, कोणी बिल्डरांकडे, कोणी प्रतिस्पर्धी संघटनेकडे. कादंबरीला हे स्वातंत्र्य आहे. चरित्राला ते नाही. उलट याच कारणाने सामंतांवरील हिंसेच्या आरोपांचीही तशीच छाननी करण्याचे बंधन चरित्रकारावर येते. अटक आणि दोषसिद्धी, संघटनेच्या माणसाने केलेले कृत्य आणि पुढाऱ्याने दिलेला आदेश यांतील फरक त्याला प्रत्येक प्रसंगी करावा लागतो. मारेकऱ्यांच्या बाबतीत पुरावा मागणारे लेखन सामंतांच्या बाबतीत अफवेवर भागवत असेल, तर ते चरित्र म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.

सामंतांनंतर त्यांच्या संघटनांचे काम बंधू दादा सामंत आणि पुत्र भूषण सामंत यांनी पुढे नेले. गिरणीकामगारांच्या घरांचा प्रश्नही मागे राहिला. 2016 मध्ये त्यांच्यासाठी सोडत निघाली ती पनवेलजवळच्या कोन येथील सुमारे 2,400 घरांची. लालबाग-परळपासून खाडीपलीकडे, नवी मुंबईच्याही पुढे. सोडतीत नाव लागलेल्यांपैकी पुष्कळांना त्यानंतरही ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. त्यांच्यातील जे 1982 मध्ये पंचविशीत होते ते आता सत्तरीच्या घरात आहेत, आणि सामंतांविषयी प्रत्यक्ष माहिती देऊ शकणारी ही अखेरची पिढी आहे. आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक घेऊन कोनपर्यंत जाणे अवघड नाही.