चवदार तळ्याची केस नऊ वर्षांहून जास्त चालली. बाबासाहेब आणि पाण्याचा हक्क

बाप सरकारी तळ्याच्या कामावर नोकरीला आणि त्याच्या पोरांना वाटेत घोटभर पाणी नाही. १९०१ साली सातारा जिल्ह्यात हे घडलं. सुभेदार रामजी आंबेडकर खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तळं खोदायला काढलं होतं. उन्हाळी सुट्टीत छोटा भीमराव, भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही एका अटीवर. बैलगाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! डबा जवळ होता, पण पाणी कुणी दिलं नाही. रात्र तशीच काढली.

हा मुलगा पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनला शिकला, बॅरिस्टर झाला. ते सगळ्यांना माहीत आहे. महाडची कोर्टकेस मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असं त्यात होतं. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. गावाच्या धाकाने पाण्याजवळ कुणी गेलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. लगेच अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेवढ्यात काही सवर्ण मंडळी महाडच्या दिवाणी कोर्टात गेली. दाव्यात म्हणणं असं की तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे जायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे. १४ डिसेंबरला मनाईहुकूम आला. २५ तारखेला लोक जमले, तयारीने आले होते, जेलमध्ये जायलाही कबूल होते. तरी बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. लोक तळ्याला वेढा घालून परत आले, पाण्याला हात न लावता. जमलेल्या गर्दीला असं परत फिरवणं सोपं नव्हतं.

पुढे तारखा सुरू झाल्या. महाडचं कोर्ट, मग ठाण्याचं, मग मुंबई हायकोर्ट. वहिवाटीची, बांधाची केस ज्याने लढली त्याला हे काय असतं ते सांगायला नको. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, म्हणजे पाणी प्यायल्याला जवळपास दहा वर्षं होत आली तेव्हा. बाबासाहेब जिंकले.

पण कशावर जिंकले ते बघा. माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे, असं कोर्ट म्हणालं नाही. तळं नगरपालिकेचं आहे आणि अशी पुरातन वहिवाट दाव्यावाल्यांना सिद्ध करता आली नाही, एवढंच. उद्या ती सिद्ध झाली असती तर? खरी मेख इथेच होती.

दहा वर्षांनी तेच बाबासाहेब घटना समितीच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीत होते, नंतर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आज घटनेचं कलम १५ वाचलं तर त्यात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते अशी नावं घालून लिहिलंय की तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. कलम १३ मध्ये तर कायदा या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे, आणि मूलभूत हक्काच्या आड येईल ती रद्द. महाडला जी वहिवाट नऊ वर्षांहून जास्त कोर्टात भांडत होती, तिला आता कोर्टात उभं राहायलाच जागा उरली नाही.

हक्क लिहून ठेवला तरी तो मिळवायचा कसा, हा प्रश्न होताच. त्यासाठी कलम ३२ आहे. हक्क डावलला तर माणूस थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत त्यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सगळ्या कलमांत याच कलमाला सर्वात महत्त्वाचं मानलं.

विहिरीवर पाणी नाकारणं हा फौजदारी गुन्हा झाला तो १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने. तो १ जूनला लागू झाला. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले.