ताराबाई मोडक



आपली मुले ज्या अंगणवाडीत जातात, तिची कल्पना ताराबाई मोडक यांच्या कामातून पुढे आली. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईचा. लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीला, म्हणजे आपल्या विदर्भातच होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी मारिया मॉन्टेसरींच्या विचाराने बालशिक्षणाचे काम केले.

पण खरी कसोटी लागली ती १९४५ नंतर, बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर. पुस्तकात बालपणाच्या अवस्था वेगवेगळ्या असतात: तान्हेपण, शिशुवय, शाळेचे वय, किशोरवय. पाड्यावर त्या एकमेकींत अडकल्या होत्या. तान्हे भावंड कडेवर, म्हणून मोठी बहीण शाळेत येत नसे. भाऊ गुरांमागे कुरणात. सेमिनरीत आम्ही मनुष्यस्वभावावर पुष्कळ वाचले, पण एवढी साधी गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नव्हती.

ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. बालवाडी पाड्याच्या अंगणात भरू लागली, गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गालाही काही मुली धाकट्या भावंडापायी येत नाहीत. येत्या रविवारी त्यांनी भावंडाला घेऊनच यावे. मागच्या बाकांजवळ आम्ही चटई टाकून ठेवू.