लेव्हिटबाई

काळोख्या रात्री माळावर उभे राहिले असता दूरवर दोन दिवे दिसतात. एक ठळक, दुसरा मंद. मंद दिवा खरोखरच लहान आहे, की मोठा असूनही फार लांब आहे, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत मोठमोठे ज्योतिर्विदही दीर्घकाळ याच कोड्यात पडले होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचे तारे किंचित सरकल्यासारखे भासतात व त्यावरून त्यांचे अंतर काढता येते. जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर याच रीतीने काढले. परंतु दूरच्या ताऱ्यांचे सरकणे इतके सूक्ष्म असते, की ते मोजता येईना. तेथे निराळा उपाय हवा होता. तो ज्यांच्या कामातून निघाला, त्या हेन्रिएटा स्वान लेव्हिट होत.

त्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लँकेस्टर या गावी ४ जुलै १८६८ रोजी झाला. वडील धर्मोपदेशक होते. त्या काळी हार्वर्ड विद्यापीठ स्त्रियांना प्रवेश देत नसे. त्यांच्यासाठी जवळच एक निराळी संस्था होती. तिचेच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाले. तेथे १८९२ साली हेन्रिएटाचे शिक्षण पूर्ण झाले. खगोलशास्त्राची गोडी लागल्यामुळे ती हार्वर्डच्या वेधशाळेत विनावेतन काम करू लागली. पुढे प्रकृती बिघडली, कामात खंड पडला आणि हळूहळू तिची श्रवणशक्तीही गेली. तरी ती परतली. वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांनी तिला ताशी तीस सेंट वेतनावर नेमले.

वेधशाळेत गणनेचे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया होत्या. दुर्बिणीतून आकाश पाहणे हे पुरुषांचे काम. छायाचित्रांच्या काचा तपासणे हे स्त्रियांचे! या काचांवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे उमटत. एका रात्रीच्या काचेवर दुसऱ्या रात्रीच्या काचेची उलटी, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची प्रत ठेवली, की ज्या ताऱ्याचे तेज बदलले असेल त्याचे दोन ठिपके एकमेकांशी नीट जुळत नसत. अशा कमीअधिक तेजाच्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. लेव्हिटबाईंनी आपल्या आयुष्यात असे सुमारे २,४०० तारे शोधून काढले. एकेका ठिपक्याकडे भिंगातून टक लावून पाहावयाचे, हे काम किती चिकाटीचे असेल!

दक्षिण गोलार्धात पेरू देशातील आरेकिपा येथे हार्वर्डची एक शाखा होती. तेथून मॅगेलनी मेघ नावाच्या दोन तारकापुंजांची छायाचित्रे येत असत. १९०८ साली लेव्हिटबाईंनी त्यांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. ती करताना त्यांच्या ध्यानात आले, की अधिक तेजस्वी ताऱ्यांना तेज वाढून पुन्हा मंद होण्यास अधिक दिवस लागतात. १९१२ साली लहान मेघातील २५ ताऱ्यांवरून त्यांनी हा नियम पक्का केला. त्यांतील सर्वांत लहान आवर्तन सव्वा दिवसाचे, तर सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे १२७ दिवसांचे होते.

यात मर्माची गोष्ट कोणती? दूरच्या डोंगरावरील गावाचे सारे दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. त्यांत जो ठळक दिसतो, तो खरोखरच मोठा. मेघातील ताऱ्यांचेही तसेच आहे. म्हणून ताऱ्याचे दिवस मोजले, की त्याचे खरे तेज कळते. आणि खरे तेज व दिसणारे तेज यांच्या तुलनेवरून अंतर निघते. अंतर दुप्पट झाले, की तेज चौथाई होते, हा हिशेब सर्वांना ठाऊकच होता.

ते पत्रक पिकरिंग यांच्या सहीने निघाले. मजकूर लेव्हिटबाईंनी तयार केल्याचा उल्लेख मात्र आरंभीच होता. मेघाचे अंतर काढण्याचा पहिला प्रयत्न १९१३ साली डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी केला. लेव्हिटबाईंकडे ताऱ्यांच्या तेजाची प्रमाणे ठरविण्याचे काम होते. ते त्या निष्ठेने करीत राहिल्या. १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ५३ वर्षांच्या होत्या.

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत हबल यांना देवयानी तारकासमूहातील तेजोमेघात याच जातीचा एक तारा आढळला. लेव्हिटबाईंच्या नियमाने त्यांनी हिशेब केला, तेव्हा अंतर सुमारे नऊ लक्ष प्रकाशवर्षे आले. पुढे या ताऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे कळले व ते अंतर सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे ठरले. पण पहिल्या हिशेबानेच एक गोष्ट सिद्ध झाली: तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेत नव्हता, ती आकाशगंगेबाहेरची, तिच्यासारखीच दुसरी दीर्घिका होती.

१९२५ साली स्वीडनमधील गणिती मिट्टाग-लेफ्लर यांनी लेव्हिटबाईंना पत्र लिहिले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवावे, असा त्यांचा मानस होता. लेव्हिटबाईंचे निधन होऊन तीन वर्षे लोटली, ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.